पानांच्या अर्कावर संशोधन करून घेणाऱ्या गाईड मंडळींना आणि ते छापणाऱ्या संपादकांना खुलं पत्र

आदरणीय सर, मॅडम आणि संपादक मंडळी,

सप्रेम नमस्कार.

मी एका सेल कल्चर लॅबमध्ये काम करते. कॅन्सरच्या पेशी वाढवायच्या, दर दोन-तीन दिवसांनी त्यांचं मीडियम (ज्या पोषक द्रवात त्या वाढतात ते) बदलायचं, मोजून प्लेटमध्ये टाकायच्या आणि कुणी आणून दिलेला अर्क त्यांच्यावर घालून काय होतं ते बघायचं, हे माझं रोजचं काम. येणारे बहुतेक अर्क पानांचे असतात. छोट्या ट्यूबमध्ये काळपट हिरवा चिकट गोळा, वर मार्करने झाडाचं नाव नि तारीख, आणि सोबत एक विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी जिचं सबमिशन डोक्यावर आलेलं असतं. या मुलांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. ती उन्हातान्हात पानं गोळा करतात, सावलीत वाळवतात, दळतात, सॉक्सलेट (अर्क काढायचं काचेचं उपकरण) लावून त्याच्यापाशी बसून राहतात, खूप मन लावून करतात सगळं. मला बोलायचंय ते तुमच्याशी, कारण विषय तुम्ही देता, शीर्षक तुम्ही ठरवता आणि पेपर छापायचा की परत पाठवायचा हेही तुमच्याच हातात असतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की डीपीपीएचची (अर्क अँटिऑक्सिडंट आहे का ते बघायची) एक टेस्ट आणि एमटीटीची (किती पेशी जिवंत आहेत ते मोजायची) एक प्लेट एवढ्या भांडवलावर "कॅन्सरविरोधी क्षमता" असा दावा शीर्षकात टाकणं थांबवा, आणि ज्या साध्या कंट्रोल्समुळे (म्हणजे तुलनेसाठी सोबत लावलेल्या चाचण्यांमुळे) तो दावा खरा की खोटा ते कळू शकतं ते कंट्रोल्स विद्यार्थ्यांकडून करून घ्या. हे मी का म्हणतेय ते सविस्तर सांगते, कृपया शेवटपर्यंत वाचा.

आधी डीपीपीएच. जांभळ्या रंगाचं द्रावण असतं, त्यात अर्क घातला की अर्धा तास अंधारात ठेवायचं आणि ५१७ नॅनोमीटरला रीडिंग घ्यायचं. जांभळा उतरून पिवळा झाला की अर्क अँटिऑक्सिडंट आहे असं आपण लिहितो. १९५८ मध्ये ब्लॉइस यांनी ही पद्धत मांडली, स्वस्त आहे, सोपी आहे, कुठल्याही कॉलेजच्या लॅबमध्ये होते, म्हणून सगळे करतात, त्यात गैर काही नाही. पण डीपीपीएच हा रेडिकल (म्हणजे जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असलेला रेणू) आपल्या शरीरात कुठेच नसतो, तो बाटलीत महिनोन्महिने टिकतो म्हणून तर आपण तो वापरतो, उलट शरीरातला हायड्रॉक्सिल रेडिकल जिथे तयार होतो तिथेच शेजारच्या रेणूवर आदळून क्षणार्धात संपतो. मिथेनॉलमध्ये विरघळलेला एक स्थिर रेडिकल आणि पेशीच्या आत प्रोटीन, लिपिड, एन्झाइम यांच्या गर्दीत होणारी केमिस्ट्री यांच्यात फार मोठं अंतर आहे, आणि ते अंतर पार केल्याशिवाय शरीराबद्दल काही बोलता येत नाही.

दुसरं असं की पान म्हटलं की ही टेस्ट पॉझिटिव्ह येणारच. पानाला दिवसभर उन्हात राहायचं असतं, अतिनील किरणांपासून स्वतःला वाचवायचं असतं, किडे आणि बुरशी यांना लांब ठेवायचं असतं, त्यासाठी ते फ्लॅव्होनॉइड, टॅनिन, फिनॉलिक अॅसिड अशी फिनॉल वर्गातली रसायनं भरभरून बनवतं. मग तुम्ही रस्त्याकडेचं कुठलंही झाड घ्या, मिथेनॉलमध्ये अर्क काढा, जांभळा रंग उतरेल. ज्या टेस्टमध्ये जवळपास सगळेच पास होतात त्या टेस्टने तुमच्या झाडाबद्दल नवीन काय सांगितलं? फोलिन-सिओकाल्टू या फिनॉल मोजायच्या टेस्टचंही तसंच, टोटल फिनॉलिक म्हणून आपण जो आकडा देतो त्यात व्हिटॅमिन सी असतं, रिड्यूसिंग साखर असते, काही प्रोटीनही असतात, कारण ते रिएजंट फक्त फिनॉल ओळखत नाही, जो कुणी इलेक्ट्रॉन देईल त्याला मोजतं. आणि मग टोटल फिनॉलिक आणि डीपीपीएच यांचं कोरिलेशन चांगलं आलं म्हणून वेगळा परिच्छेद लिहिला जातो, पण दोन्ही टेस्ट मुळात एकच गोष्ट मोजतायत, कोरिलेशन येणारच होतं.

अमेरिकेच्या कृषी खात्याने खाद्यपदार्थांच्या ओरॅक आकड्यांचा (टेस्ट ट्यूबमध्ये मोजलेल्या अँटिऑक्सिडंट ताकदीचा) मोठा डेटाबेस वेबसाइटवर ठेवला होता, तो त्यांनी २०१२ मध्ये काढून टाकला. कारण त्यांनी स्वतःच दिलं, की टेस्ट ट्यूबमधले हे आकडे माणसाच्या शरीरातल्या परिणामाशी जुळत नाहीत आणि कंपन्या ते आकडे माल खपवायला वापरतायत. स्वतःच्याच कामाबद्दल असा निर्णय घ्यायला धैर्य लागतं, मला त्याचा आदर वाटतो.

आता मुख्य मुद्दा. अँटिऑक्सिडंट आहे म्हणजे कॅन्सरविरोधी असणार, ही उडी आपल्या पेपरांमध्ये प्रस्तावनेच्या पहिल्याच पानावर मारलेली असते. फ्री रेडिकल डीएनए बिघडवतात, डीएनए बिघडला की कॅन्सर होतो, म्हणून फ्री रेडिकल मारणारं पान कॅन्सर रोखणार. ऐकायला अगदी बरोबर वाटतं. पण ही गोष्ट माणसांवर तपासून झालेली आहे, आणि ती सुद्धा थोड्याथोडक्या माणसांवर नाही. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर ट्रायल झाली, १९९४ मध्ये निकाल आला, बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त निघाला. जास्त! अमेरिकेतली कॅरेट नावाची ट्रायल १९९६ मध्ये मुदतीच्या आधी थांबवावी लागली, तिथे बीटा-कॅरोटीन आणि व्हिटॅमिन ए घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर २८ टक्के जास्त होता. मग सिलेक्ट ट्रायल, ३५ हजारांहून जास्त पुरुष, २०११ च्या निकालात व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांमध्ये प्रोस्टेटचा कॅन्सर १७ टक्के जास्त. २०१४ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं की एन-अॅसिटिलसिस्टीन आणि व्हिटॅमिन ई दिल्यावर फुप्फुसातल्या गाठी आणखी जोरात वाढल्या, कारण कॅन्सरच्या पेशीलाही ऑक्सिडेटिव्ह ताण सोसावा लागतो आणि बाहेरून अँटिऑक्सिडंट मिळालं तर तिचंच ओझं हलकं होतं. रेडिएशन आणि काही केमोथेरपी तर रेडिकल तयार करूनच कॅन्सरच्या पेशी मारतात. हे सगळं प्रसिद्ध होऊन इतकी वर्षं झाली तरी प्रस्तावनेतली ती उडी तशीच आहे, विद्यार्थी आधीच्या थीसिसमधून उचलतो आणि गाईड सही करतात. मला याचं खरंच वाईट वाटतं.

आता एमटीटीकडे येते, कारण इथे माझे हात रोज असतात. १९८३ मध्ये मोसमन यांनी दिलेली पद्धत. पिवळं एमटीटी, जिवंत पेशी त्याचं जांभळं फॉर्मेझान करतात, स्फटिक डीएमएसओ या द्रावकात विरघळवायचे, ५७० नॅनोमीटरला वाचायचं. जांभळा जास्त म्हणजे पेशी जास्त जिवंत, असं आपण धरतो. एक प्रयोग मी सगळ्यांना करायला सांगते: ९६ खान्यांच्या प्लेटमध्ये चार खाने असे ठेवा ज्यात एकही पेशी नाही, फक्त मीडियम, अर्क आणि एमटीटी. इनक्युबेटरमध्ये ठेवा आणि चार तासांनी प्लेट उजेडाला धरून बघा. चांगला फिनॉलिकवाला अर्क असेल तर त्या रिकाम्या खान्यांत जांभळा रंग आलेला दिसतो, कधी फिकट, कधी पेशींच्या खान्याएवढाच गडद. कारण सरळ आहे, जो अर्क डीपीपीएचला इलेक्ट्रॉन देतो तो एमटीटीलाही देतो. पहिल्या टेबलमध्ये ज्या गुणाचं कौतुक केलं तोच गुण दुसऱ्या टेबलचं रीडिंग बिघडवतोय, आणि पेशी मेल्या असल्या तरी त्या जिवंत दिसतायत. वर हिरव्या अर्काचा स्वतःचा रंग असतो, तो वेगळाच.

दुसऱ्या बाजूने होणारी चूक तर याहून मोठी आहे. पॉलिफिनॉल कल्चर मीडियममध्ये घातले की हवेतल्या ऑक्सिजनशी त्यांची रिअॅक्शन होऊन हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. बॅरी हॅलिवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये हे दाखवून दिलं, ग्रीन टीमधल्या कॅटेचिनवर आणि क्वेर्सेटिनवर, नेहमीच्या वापरातल्या मीडियममध्ये. म्हणजे पेशी मरतात त्या कित्येकदा डिशमध्येच बनलेल्या पेरॉक्साइडमुळे. शरीरात ऊतींमध्ये ऑक्सिजन इनक्युबेटरपेक्षा खूप कमी असतो आणि पेरॉक्साइड फोडणारं कॅटालेज तर रक्तात लाल पेशींमध्ये भरपूर असतं, त्यामुळे डिशमधला हा खेळ तिथे चालत नाही. हे ओळखायचं कसं? एक सेट कॅटालेज घालून लावायचा. कॅटालेज घातल्यावर अर्काची "कॅन्सर मारायची ताकद" गेली तर समजायचं की मारत होतं ते पेरॉक्साइड. एक एन्झाइम, एक जादा रांग, एवढंच काम आहे हे. तरी माझ्याकडे पानांचे अर्क घेऊन येणाऱ्यांपैकी हा कंट्रोल प्रोटोकॉलमध्ये लिहून आणणारा विरळाच.

शिवाय पेशी मरणं म्हणजे काही फार मोठी गोष्ट नाही. सॅपोनिन (साबणासारखा फेसाळणारा घटक) असलेला अर्क कुठल्याही पेशीचं आवरण फोडतो, कॅन्सरची असो की निरोगी. टॅनिन प्रोटीनला चिकटून मीडियममध्येच गाळ करून टाकतं. म्हणून निरोगी पेशींची लाइन (एकाच मुळापासून लॅबमध्ये वाढवत ठेवलेल्या पेशी) शेजारी लावल्याशिवाय "निवडक" म्हणायचं नाही. आणि ती लाइन शक्यतो त्याच अवयवाची, माणसाची असावी, माकडाच्या किडनीच्या व्हेरो पेशी ठेवून मोकळं होऊ नये.

आता डोसबद्दल, कारण इथे आकडे स्वतःच बोलतात. अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटच्या जुन्या निकषांप्रमाणे कच्चा अर्क दखल घेण्यासारखा कधी, तर निम्म्या पेशी थांबवायला साधारण २० ते ३० मायक्रोग्रॅम प्रति मिली किंवा त्याहून कमी लागत असेल तर. आपल्या पेपरांमध्ये २००, ३५०, ५०० असे आकडे येतात आणि पुढे "लक्षणीय परिणाम" असं लिहिलेलं असतं. ५०० मायक्रोग्रॅम प्रति मिली म्हणजे लिटरला अर्धा ग्रॅम. माणसाच्या अंगात ५ लिटर रक्त धरलं तर फक्त रक्तातच एकाच वेळी अडीच ग्रॅम अर्क विरघळलेला हवा, आणि तो तसाच दोन-तीन दिवस राहायला हवा कारण आपण डिशमध्ये ४८ किंवा ७२ तास ठेवतो. प्रत्यक्षात तोंडाने घेतलेल्या पॉलिफिनॉलमधलं थोडंच शोषलं जातं, आतड्यात आणि लिव्हरमध्ये त्याला ग्लुकुरोनाइड नाहीतर सल्फेट जोडलं जातं, आणि रक्तात जे पोचतं ते साधारण मायक्रोमोलरच्या आसपास किंवा त्याखाली. क्वेर्सेटिनचा एक मायक्रोमोलर म्हणजे ०.३ मायक्रोग्रॅम प्रति मिली. आता ०.३ आणि ५०० शेजारी शेजारी लिहून बघा. हा हिशोब पेपरच्या चर्चेत एका वाक्यात लिहिता येतो, मग तो का नसतो?

पेशींच्या लाइनबद्दल थोडक्यात. हेप-२ म्हणजे स्वरयंत्राचा कॅन्सर, केबी म्हणजे तोंडाचा कॅन्सर, चँग म्हणजे निरोगी लिव्हर, असं अजूनही छापून येतं, आणि या तिन्ही लाइन प्रत्यक्षात हेला आहेत हे कित्येक दशकं माहीत आहे. १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून घेतलेल्या त्या पेशी इतक्या जोमाने वाढतात की शेजारच्या लाइनमध्ये शिरून तिचा ताबा घेतात. चँगला निरोगी लिव्हर म्हणून कंट्रोल ठेवलं तर तुम्ही कॅन्सरची तुलना कॅन्सरशीच करताय. एसटीआर टेस्टचा (डीएनएवरून पेशींची ओळख पटवायच्या टेस्टचा) रिपोर्ट मागा ना, संपादक मंडळी, एवढं तर करू शकता.

जीसी-एमएसबद्दल (अर्कातले रेणू वेगळे करून ओळखायच्या मशीनबद्दल) मात्र थोडं जास्त बोलावं लागेल, कारण तिथून हल्ली पेपरचा अर्धा भाग भरला जातो. मिथेनॉलचा अर्क जीसी-एमएसला द्यायचा, मशीनच्या डेटा लायब्ररीने सुचवलेली तीसेक नावं टेबलात टाकायची, हेक्साडेकॅनोइक अॅसिड, फायटॉल, अमुक एस्टर, आणि मग त्यातलं एखादं कॉम्प्युटरवर कुठल्यातरी प्रोटीनमध्ये डॉक करायचं, म्हणजे तिथे बसतंय का ते बघायचं. पण जीसीमध्ये उडू शकणारेच रेणू दिसतात, ज्या फ्लॅव्होनॉइड ग्लायकोसाइड आणि टॅनिनमुळे तुमची डीपीपीएच टेस्ट पॉझिटिव्ह आली ते त्यात दिसतच नाहीत. हेक्साडेकॅनोइक अॅसिड म्हणजे पामिटिक अॅसिड, ते प्रत्येक पानात आहे, तुमच्या-माझ्या अंगातही आहे. फायटॉल तर क्लोरोफिलच्या शेपटीतून येतं. ते सापडलं म्हणजे पान हिरवं होतं एवढंच सिद्ध झालं. आणि पानाच्या अर्काने चांदीचे नॅनोपार्टिकल बनवून त्यांनी पेशी मारल्या तर श्रेय पानाला द्यायच्या आधी नुसत्या चांदीचा कंट्रोल लावा, चांदी विषारी असते.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल की बाईला पानांचा राग आहे. अजिबात नाही! उलट पानांवर माझा इतका विश्वास आहे की त्यांच्यावरचं काम असं वरवरचं झालेलं मला बघवत नाही. सदाफुलीचंच घ्या. १९५० च्या दशकात जमैकाहून तिची पानं कॅनडात रॉबर्ट नोबल यांच्याकडे आली, ती सुद्धा डायबेटिससाठी, कारण तिथे लोक त्याचा काढा साखरेसाठी घ्यायचे. उंदरांना तोंडाने अर्क दिला, साखरेवर काही फरक नाही. इंजेक्शनने दिला तर उंदीर इन्फेक्शनने मरायला लागले. तिथेच "काम झालं नाही" म्हणून फाइल बंद करता आली असती, पण नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी विचारलं की हे मरतायत का, आणि रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी घसरलेल्या, बोन मॅरो दबलेला. मग त्यांना सुचलं की ज्या आजारात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात तिथे हेच उपयोगी पडेल. त्यातून विनब्लास्टिन वेगळं काढलं, पाठोपाठ एली लिली या औषध कंपनीत विनक्रिस्टिन मिळालं, ज्याला १९६३ मध्ये मान्यता मिळाली आणि जे आजही लहान मुलांच्या ल्युकेमियात दिलं जातं. एका ग्रॅमसाठी शेकडो किलो वाळलेली पानं लागायची. आणि हे औषध काम कसं करतं, तर ट्युब्युलिन या पेशीतल्या प्रोटीनला चिकटून पेशीचं विभाजन अडवतं. अँटिऑक्सिडंटशी त्याचा काही संबंध नाही.

टॅक्सॉल हे कॅन्सरचं औषध सालीतून आलं हे सगळ्यांना माहीत असतं, १९६२ मध्ये पॅसिफिक यू झाडाची साल गोळा केली, मन्रो वॉल आणि आपल्या नंदुरबारचे मनसुख वाणी यांनी रेणू शोधला, १९७१ मध्ये रचना छापली, १९७९ मध्ये सुझन हॉरविट्झ यांनी तो काम कसा करतो ते सांगितलं आणि १९९२ मध्ये ओव्हरीच्या कॅन्सरसाठी मान्यता मिळाली. तीस वर्षं! पण यातला पानांचा भाग फार कमी लोक सांगतात. साल काढली की झाड मरतं, आणि झाडं पुरणार नव्हती, तेव्हा फ्रान्समध्ये पिएर पोतिए यांच्या टीमने युरोपियन यूच्या सुईसारख्या पानांमधून टॅक्सॉलचा अर्धा तयार सांगाडा काढला आणि उरलेलं काम लॅबमध्ये केलं. पानं तोडली तरी परत येतात. पानांवरच्या संशोधनाने झाडही वाचलं आणि औषधही मिळालं, याहून सुंदर उदाहरण मला माहीत नाही. कॅम्प्टोथेसिन या दुसऱ्या वनस्पतीजन्य रेणूची कथाही तशीच लांबलचक, वॉल आणि वाणी यांनीच १९६६ मध्ये शोधलं, सत्तरच्या दशकात पेशंटना मूत्राशयाचा भयंकर त्रास झाला म्हणून ट्रायल बंद पडल्या, १९८५ मध्ये कळलं की ते टोपोआयसोमरेज-१ या डीएनएवर काम करणाऱ्या एन्झाइमला अडवतं, मग रेणूत बदल करून १९९६ मध्ये टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही कॅन्सरची औषधं आली.

आणि अख्खा अर्क, एकच रेणू न काढता, औषध होऊ शकतो का? होऊ शकतो. ग्रीन टीच्या पानांच्या अर्काचं एक मलम, सायनकॅटेचिन्स, २००६ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने मान्य केलं, जननेंद्रियावरच्या चामखिळींसाठी. प्रत्येक बॅचमध्ये घटक किती ते ठरलेलं, नीट ट्रायल झालेल्या, दावा तेवढ्यापुरताच. कॅन्सरचं नाव त्यात कुठेच नाही.

आता मी हे पत्र खाजगी ईमेलने न लिहिता उघड का लिहितेय ते सांगते. तुमचे पेपर फक्त रिव्ह्यूअर वाचत नाहीत. मध्यंतरी एका पेशंटचा मुलगा आमच्या लॅबच्या दारात उभा होता, हातात एका पेपरची प्रिंट, शीर्षकावर पिवळा हायलाइटर मारलेला, आणि प्रश्न एकच, की मॅडम किती पानं आणि किती पाण्यात उकळायची. आईची केमो सुरू होती आणि ती थांबवून हे सुरू करायचं का असं घरात चाललं होतं. मी त्याला बसवून वर लिहिलेला ५ लिटर रक्ताचा हिशोब कागदावर करून दाखवला. त्याने शांतपणे ऐकलं आणि मग म्हणाला, पण हे सगळं पेपरमध्ये का नाही लिहिलं? माझ्याकडे उत्तर नव्हतं, ते तुमच्याकडे आहे.

याचे परिणाम काय होतात तेही मोजलेलं आहे. अमेरिकेतल्या एका अभ्यासात, २०१८ चा, बरा होण्यासारखा कॅन्सर असताना नेहमीचे उपचार सोडून फक्त पर्यायी उपचार घेणाऱ्या २८१ पेशंटची तुलना उपचार घेणाऱ्यांशी केली, तर मृत्यूचा धोका अडीच पट निघाला. उपचार न सोडता सोबत घेतलं तरी धोका संपत नाही. बोर्टेझोमिब नावाचं मायलोमाचं (बोन मॅरोतल्या कॅन्सरचं) औषध आहे, ग्रीन टीमधलं ईजीसीजी त्याला थेट चिकटून त्याचं काम बंद पाडतं, पेशींमध्ये आणि उंदरांमध्ये दोन्हीकडे, हे २००९ मध्ये दाखवलं गेलं. त्याच अर्काच्या गोळ्यांबद्दल युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितलं की दिवसाला ८०० मिलीग्रॅम ईजीसीजी आणि त्याहून जास्त घेतलं तर लिव्हरचे एन्झाइम वाढताना दिसतात. लक्ष्मणफळाच्या पानांचं नाव तर कॅन्सरच्या प्रत्येक फॉरवर्डमध्ये असतं, त्यातलं अॅनोनासिन चेतापेशींना विषारी आहे, आणि ग्वादलूप बेटावर पार्किन्सनसारख्या आजाराचा या झाडाची फळं आणि पानांचा काढा घेण्याशी संबंध दिसल्याचं १९९९ मध्येच छापून आलंय. सदाफुलीची पानं चावून खाणारेही भेटतात, त्यांना हे माहीत नसतं की विनक्रिस्टिन डॉक्टर मिलीग्रॅममध्ये मोजून शिरेतून देतात आणि तरी नसांवर परिणाम होतोय का याकडे डोळ्यात तेल घालून बघत असतात.

तर गाईड मंडळींना माझी विनंती. विषय द्या, पानांवरच द्या, पण वीस झाडं वरवर बघण्यापेक्षा एका झाडाच्या मागे लागा. हर्बेरियमला (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाला) नमुना जमा करा, पानं कुठली, कुठल्या महिन्यात तोडली, कोवळी की जून, हे लिहा, कारण त्याने अर्क बदलतो. एमटीटीत पेशी नसलेले खाने, कॅटालेजचा सेट, निरोगी लाइन, आणि ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असं एक औषध, एवढं ठेवा. एमटीटीच्या जोडीला पेशी प्रत्यक्ष मोजा, ट्रायपॅन ब्लू (मेलेल्या पेशींना लागणारा रंग) आणि हिमोसायटोमीटर (पेशी मोजायची आखलेली काच) कुठेही असतं. अर्कात काही सापडलं तर त्याचे भाग करत करत मूळ रेणूपर्यंत जा, आणि शेवटी क्वेर्सेटिन, गॅलिक अॅसिड नाहीतर अर्सोलिक अॅसिडच निघालं तर तसं स्पष्ट लिहा, ते पुन्हा पुन्हा निघतं हीसुद्धा माहितीच आहे. मला माहीत आहे की वेळ नसतो, पैसे नसतात, पेपरशिवाय डिग्री मिळत नाही, प्रमोशन अडतं. पण मी वर मागितलेल्या कंट्रोल्सना नवीन मशीन लागत नाही. आणि कॅटालेज घातल्यावर परिणाम नाहीसा झाला असं प्रामाणिकपणे लिहिणारी विद्यार्थिनी पुढच्या दहा जणांचं वर्ष वाचवते, तिला कमी मार्क देऊ नका.

संपादकांना विनंती अशी की पेशी नसलेल्या खान्यांचं रीडिंग नसेल तर पेपर रिव्ह्यूला पाठवूच नका, परत करा. शीर्षकात पेशींच्या लाइनचं नाव यावं, उदाहरणार्थ "अमुक पानांच्या अर्काचा एमसीएफ-७ पेशींच्या वाढीवर परिणाम", म्हणजे वाचणाऱ्याला लगेच कळेल की हे डिशमध्ये झालंय. अॅब्स्ट्रॅक्टमध्ये डोस लिहायला लावा, आणि "पुढे औषध म्हणून वापरता येईल" हे शेवटचं वाक्य प्राण्यांवरचं कामसुद्धा झालेलं नसताना येत असेल तर ते कापा. निगेटिव्ह निकाल येतील तेही छापा, त्यांना जागा द्या. अर्काला काहीच करता आलं नाही हे छापून आलं नाही तर पुढचा विद्यार्थी त्याच झाडाची पानं परत गोळा करणार.

ज्यांना रिकाम्या खान्यांचा आणि कॅटालेजचा लेआउट हवा असेल त्यांनी कमेंटमध्ये सांगा, कुठल्या खान्यात काय आणि किती घालायचं ते लिहून टाकते. तुमच्यापैकी कुणी हे कंट्रोल आधीपासून करत असाल तर तुमच्या अर्कांचं काय झालं तेही खाली लिहा, चांगलं-वाईट जे असेल ते, मला खरंच वाचायचंय.

आपली,
सेल कल्चर लॅबमध्ये काम करणारी एक